बटण दाबायच्या आधीच!

मोबाईल घ्या. घरच्यांना विचारून घ्या हं, नाहीतर ‘मासिकात सांगितलं होतं’ म्हणून माझं नाव पुढे कराल. आता मराठी विकिपीडिया उघडा आणि शोधायच्या चौकटीत ‘लोणार’ लिहायला लागा. घाई नको, एकेक अक्षर सावकाश.

‘ल’ लिहिलात की चौकटीखाली लगेच नावांची यादी लोंबायला लागते. ‘लो’ झालं की लोकमान्य टिळक आणि लोकसभा डोकावतात. ‘लोण’पर्यंत आलात तर लोणचं, लोणी, लोणावळा आणि आपलं लोणार अशी सगळी मंडळी एका पंगतीला बसू शकतात. मग काना दिलात, ‘लोणा’, आणि लोणचं-लोणी पंगतीतून उठून गेली. शेवटचा ‘र’ आला की लोणार सगळ्यांत वर.

आणि तुम्ही अजून शोधायचं बटण दाबलेलंच नाही!

लोणारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या आजोबांनी हे पाहिलं तर म्हणतील, “अबे, तुनं तं आखीन पुरं लिवलंबी नाही, अन् याले कसं काय समजलं?” आजोबांचा प्रश्न अगदी रास्त आहे. फक्त मी त्याला आणखी एक शेपूट जोडणार आहे: हे समजलं ते कुठे समजलं? मोबाईलच्या पोटात, गावाबाहेरच्या टॉवरमध्ये, मुंबईत, की आणखी कुठे?

अंदाज बांधण्यापेक्षा करून बघू. मोबाईलमध्ये विमानाचं चित्र असलेलं एक बटण असतं. ते दाबलं की मोबाईलचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो. वाय-फायही बंद आहे ना, ते बघून घ्या. आता फोन नंबरांच्या यादीत ‘माव’ लिहा. मावशी आली? आली. नकाशाच्या ॲपमध्ये जिल्ह्याचा नकाशा आधीच उतरवून ठेवला असेल, तर त्यात ‘मेहकर’ लिहा. तेही सापडेल. आता पुन्हा विकिपीडियाच्या चौकटीत ‘लोणार’ लिहा. काहीच नाही. यादी गप्प.

पण थांबा, कीबोर्डच्या वरच्या पट्टीकडे बघा. तिथे कीबोर्ड अजूनही ‘लोणचं’, ‘लोणी’ असे शब्द पुढे करत असेल. म्हणजे मघाशी एकाच पडद्यावर दोन याद्या होत्या. त्यांच्यात अंतर जेमतेम दोन बोटांचं, पण एक यादी खिशातल्या मोबाईलमधून आली होती आणि दुसरी फार फार लांबून. किती लांबून? तिथेच तर खरी गंमत आहे.

चला, ‘ल’ला निरोप द्यायला जाऊ. पहिली गोष्ट म्हणजे ‘ल’ म्हणून तो जातच नाही. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. जगातल्या बहुतेक लिप्यांच्या अक्षरांना मिळून एक मोठी हजेरीवही केली आहे, तिचं नाव युनिकोड. त्या वहीत ‘ल’चा नंबर २३५४ आहे. ओकाराच्या मात्रेचा २३७९, ‘ण’चा २३३९, कान्याचा २३६६ आणि ‘र’चा २३५२. आपल्या हिशेबाने ‘लोणार’ हा तीन अक्षरी शब्द, पण संगणकाच्या हजेरीत पाच जण उभे. म्हणून तर मात्रा किंवा काना दिला तरी यादी बदलते!

समजा तुम्ही खरोखरच लोणारला बसला आहात. साधारण १.८ किलोमीटर रुंदीचं ते खाऱ्या पाण्याचं प्रचंड विवर, अवकाशातून आलेल्या दगडाने काळ्या बेसाल्ट खडकात पाडलेलं. त्याच्या काठावर तुम्ही ‘ल’ लिहिलात. मोबाईलने तो रेडिओलहरींवर बसवून टॉवरकडे पाठवला. टॉवरपासून पुढे केसासारख्या बारीक काचेच्या तारेतून, म्हणजे ऑप्टिकल फायबरमधून, प्रकाशाच्या रूपात तो धावत सुटला. मुंबई किंवा चेन्नईसारख्या किनाऱ्यावर पोचला, समुद्रात शिरला आणि तळाशी टाकलेल्या केबलमधून सिंगापूरला निघाला. नाव नाही, विमान नाही, पासपोर्ट तर नाहीच.

सिंगापूरच का? विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनचं एक केंद्र तिथे २०१८पासून आहे. आशियातल्या बऱ्याच देशांमधले प्रश्न आधी तिथे जातात. उत्तर तिथेच तयार असेल तर ‘ल’ तिथूनच परत फिरतो. नसेल, तर पुढचा मोठा प्रवास: प्रशांत महासागर ओलांडून अमेरिका. विकिपीडियाची दोन मोठी केंद्रं तिकडे आहेत, एक व्हर्जिनिया राज्यात ॲशबर्नला आणि एक टेक्सासमध्ये कॅरोलटनला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, तो लिहिणारी माणसं इथली, वाचणारी इथली, पण ‘लोण म्हणजे लोणार की लोणावळा?’ हे ठरतं ते अमेरिकेतल्या एखाद्या थंडगार खोलीत घोंघावणाऱ्या संगणकावर. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा जरा विचित्रच वाटलं होतं.

आता पाटी-पेन्सिल काढा. लोणार ते सिंगापूर सरळ रेषेत साडेतीन हजार किलोमीटरहून जास्त. सिंगापूर ते ॲशबर्न पंधरा हजारांहून जास्त. बेरीज धरू एकोणीस हजार. जाऊन-येऊन अडतीस हजार. ओळखीचा वाटतो का हा आकडा? पृथ्वीला विषुववृत्तावरून एक फेरी मारायची तर सुमारे चाळीस हजार किलोमीटर होतात. म्हणजे तुमच्या एका ‘ल’ने जवळजवळ पृथ्वीप्रदक्षिणा केली!

फायबरच्या काचेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर पळतो. मोकळ्या अवकाशात तो तीन लाख पळतो, काचेत त्याचा वेग कमी होतो. अडतीस हजार भागिले दोन लाख, उत्तर ०.१९ सेकंद. केबल काही सरळ रेषेत नसतात आणि वाटेत ठिकठिकाणी थोडं थांबावंही लागतं, म्हणून प्रत्यक्षात याहून जास्त वेळ जातो. पण याहून कमी वेळात ते काम होणं शक्य नाही. कितीही महागडा फोन आणा, प्रकाशाला कुणी ढकलू शकत नाही.

आता हिशेबाची दुसरी बाजू. २०१० साली गूगल कंपनीने सांगितलं होतं की माणूस एक कळ दाबून दुसरी दाबेपर्यंत साधारण ३०० मिलिसेकंद, म्हणजे ०.३ सेकंद जातात. बघा जुळतंय का! तुमचं बोट ‘ल’वरून मात्रेकडे जाईपर्यंत ‘ल’ पृथ्वीला वळसा घालून परत येऊ शकतो. आजोबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या फटीत आहे. यंत्र मनातलं ओळखत नाही. आपलं बोट हळू आहे आणि प्रकाश जलद, एवढंच.

विचारणाऱ्या यंत्राला, म्हणजे तुमच्या मोबाईलला, क्लायंट म्हणतात आणि उत्तर देणाऱ्याला सर्व्हर. कोणतं काम कुणी करायचं, हे ठरवणं ही संगणकवाल्यांची रोजची डोकेदुखी. गावातलं किराणा दुकान आठवा. गोळ्या, पेन, काडेपेट्या समोरच्या बरण्यांत. तेलाचे डबे मागच्या खोलीत. आणि रोज न खपणारी वस्तू हवी असेल तर दुकानदार म्हणतो, “उद्या खामगावहून आणून देतो.” सगळं खामगाव गल्ल्यावर मांडता येत नाही, आणि प्रत्येक गोळीसाठी खामगावला जाणंही परवडत नाही. मोबाईल म्हणजे समोरची बरणी, सिंगापूर म्हणजे मागची खोली, आणि अमेरिका म्हणजे खामगाव.

मागच्या खोलीचा उपयोग कधी होतो ते सांगतो. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी एकाएकी गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी केली आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या, रंगीत द्रव्य असलेल्या सूक्ष्मजीवांमुळे तसं झाल्याचं सांगितलं. त्या सूक्ष्मजीवांचं नाव हॅलोआर्किया. अशा वेळी हजारो लोक एकच गोष्ट शोधायला लागतात. पहिल्या माणसाच्या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेहून आलं, की त्याची एक प्रत सिंगापुरात थोडा वेळ ठेवून देता येते. मग दुसरा, तिसरा, पाचशेवा माणूस तेच विचारतो तेव्हा उत्तर मधूनच मिळतं. अशा ठेवून दिलेल्या प्रतीला कॅशे म्हणतात.

आणि अमेरिकेतला सर्व्हर तरी इतक्या झटकन उत्तर कसं देतो? प्रश्न आल्यावर तो सगळे लेख चाळत बसत नाही. तसं केलं तर ‘ल’चं उत्तर यायच्या आत तुम्ही शाळेत जाऊन याल. तो आधीच तयारी करून ठेवतो. सगळ्या लेखांच्या नावांची एक झाडासारखी मांडणी असते. खोडाशी ‘ल’, तिथून एक फांदी ओकाराची, तिला ‘क’ची एक डहाळी आणि ‘ण’ची दुसरी. ‘ण’च्या डहाळीवर पुढे काना, कान्यानंतर ‘र’ आणि ‘व’ असे दोन फाटे. तुम्ही अक्षर लिहिलं की सर्व्हर झाडावर एक पायरी पुढे सरकतो, बस्स. झाडावर दोन हजार नावं असोत की दोन कोटी, ‘लोणार’पर्यंत पोचायला पायऱ्या पाचच! १९५९ मध्ये रने द ला ब्रियांदे यांनी अशी मांडणी सुचवली आणि १९६० मध्ये एडवर्ड फ्रेडकिन यांनी तिला ‘ट्राय’ हे नाव दिलं. विकिपीडियाच्या सर्व्हरवर याच घराण्यातली, पण आणखी दाबून बसवलेली मांडणी असते. हे झाड साधारण दिवसातून एकदा नव्याने रचलं जातं. म्हणून तुम्ही आज एखादा नवा लेख लिहिलात, तर अक्षरागणिक येणाऱ्या यादीत तो दिसायला एखादा दिवस लागू शकतो.

अक्षरागणिक विचारायची ही पद्धत तशी फार जुनी नाही. आधी पूर्ण शब्द लिहायचा, बटण दाबायचं आणि वाट बघायची असाच रिवाज होता. गूगलमध्ये इंजिनिअरांना आठवड्यातला थोडा वेळ आपल्या आवडीच्या कामाला देता येई. त्या वेळात केविन गिब्स यांनी शब्द सुचवणारी चौकट तयार केली आणि डिसेंबर २००४ मध्ये ती लोकांसमोर आली. २०१० मध्ये गूगलने पुढची उडी मारली. नुसती सुचवणी नाही, तर प्रत्येक अक्षराबरोबर निकालांचं अख्खं पान बदलायला लागलं. २०१७ मध्ये मात्र ती सोय काढून टाकली, कारण लोक आता छोट्या पडद्याच्या मोबाईलवर शोधत होते. माझं मत विचाराल तर बरं झालं. सारखं नाचणारं पान बघून डोकं दुखायचं.

आता एक भानगड सांगतो. मला ती सगळ्यांत जास्त आवडते.

तुम्ही ‘लोण’ लिहिलंत, प्रश्न गेला. लगेच काना दिलात, ‘लोणा’चा दुसरा प्रश्न गेला. पण पहिला प्रश्न वाटेत कुठेतरी रखडला. दुसऱ्याचं उत्तर आधी आलं: लोणार, लोणावळा. छान. आणि मग धापा टाकत पहिल्याचं उत्तर आलं: लोणचं, लोणी! मोबाईल जर भोळा असेल, तर तो आलेली यादी लावून मोकळा होईल. चौकटीत ‘लोणा’ आणि खाली लोणचं. तुम्ही म्हणाल, फोन बिघडला.

यावर उपाय काय? प्रत्येक प्रश्नाला नंबर द्यायचा. उत्तर आलं की नंबर बघायचा, आणि जुन्या प्रश्नाचं असेल तर सरळ टाकून द्यायचं. पण हे काम करायचं कुणी? अमेरिकेतल्या सर्व्हरने? त्याला काय ठाऊक तुमच्या चौकटीत या क्षणी काय लिहिलेलं आहे! ते फक्त मोबाईलला ठाऊक. म्हणून सर्व्हर कितीही बलाढ्य असला, तरी हे काम मोबाईललाच करावं लागतं.

मोबाईल आणखी एक शहाणपणा करतो. तुम्ही भराभर लिहीत असाल तर तो प्रत्येक अक्षराला धावत नाही. सेकंदाचा दहावा-पाचवा भाग थांबतो. बोट थबकलं की मगच प्रश्न पाठवतो. पाच फेऱ्यांऐवजी दोन-तीनच होतात, बॅटरी वाचते, डेटा वाचतो. समजा तुम्ही बुलढाण्याहून मलकापूरला निघालात आणि राजूर घाटात रेंज एकदम कमी झाली, तर या कंजूषपणाची किंमत कळेल.

मलकापूरवरून आठवलं, रेल्वेचं तिकीट. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्टेशनं मुंबई-नागपूर मार्गावरची. समजा तिकिटाच्या एखाद्या ॲपमध्ये तुम्ही ‘शे’ लिहिलंत. शेगाव हे नाव शोधायला सातासमुद्रापार जायची गरज आहे का? देशातल्या स्टेशनांची नावं काही हजारांच्या घरात. एका फोटोला लागते त्याहूनही कमी जागेत ही यादी बसेल. शिवाय ती रोज बदलत नाही. एखाद्या स्टेशनाचं नाव बदललं, तर ॲप नवं करून घेईपर्यंत जुनं नाव दिसेल, एवढीच अडचण. म्हणून अशी यादी खुशाल मोबाईलमध्ये ठेवता येते. पण ‘शेगाव ते मुंबई, उद्या जागा आहे का?’ हा प्रश्न वेगळा. ती जागा याच क्षणी नाशिकमधलं कुणीतरी घेत असेल. प्रत्येक मोबाईलने स्वतःकडची यादी बघून ‘आहे’ म्हटलं, तर एका बाकड्यावर दहा जण तिकीट घेऊन उभे राहतील आणि जी भांडणं होतील ती विचारू नका. तिथे खरी वही एकच हवी, रेल्वेच्या आरक्षणाच्या संगणकांवर. रेल्वेची संगणकाची कामं बघायला ‘क्रिस’ नावाची संस्था १९८६ मध्येच सुरू झाली. घरबसल्या इंटरनेटवरून तिकीट काढायची सोय आली २००२ मध्ये.

आणि बोलून शोधलं तर? गूगलच्या बोलून लिहायच्या सोयीत मराठी ऑगस्ट २०१७ मध्ये आली. तिथेही हाच खेळ चालतो, फक्त अक्षरांऐवजी आवाजाचे बारीक बारीक तुकडे धावतात. तुमचं वाक्य संपायची वाट न बघता तुकडे वाहत जातात आणि शब्द वाहत परत येतात. म्हणून तर पडद्यावर कधी आधी ‘लोणी’ उमटतं आणि तुम्ही पुढे ‘सरोवर’ म्हणताच ते गुपचूप ‘लोणार’ होतं. मागचा शब्द पुढच्या शब्दावरून दुरुस्त होतो. ‘लोणार सरोवर कुठी हाय?’ असं अस्सल वऱ्हाडीत विचारून बघा आणि काय उमटतं ते आम्हाला जरूर कळवा! पूर्वी हे काम नीट व्हायला बहुतेक वेळा मोठे सर्व्हर लागत. २०१९ मध्ये गूगलने आपल्या काही फोनांवर इंग्रजीपुरतं ते फोनच्या आतच करून दाखवलं. म्हणजे काम कुठे करायचं ही सीमारेषा कायमची आखलेली नाही. फोन ताकदवान झाले की काही कामं खामगावहून उठून बरणीत येऊन बसतात.

एक गोष्ट मात्र जाता जाता कानात सांगून ठेवतो. तुम्ही चौकटीत काहीतरी लिहिलंत, मग वाटलं, नको, आणि खोडून टाकलंत. बटण दाबलंच नव्हतं, मग कुणाला कळणार? पण मघाचा ‘ल’ आठवा. तोही बटण दाबायच्या आधीच गेला होता. खोडलेलं अक्षर तुमच्या पडद्यावरून गेलं, पण तोवर ते सर्व्हरपर्यंत पोचलेलं असू शकतं. गुपित लिहायचं असेल तर वही बरी.

आता तुमची पाळी. समजा तुम्हाला बुलढाणा जिल्ह्यासाठी शोधायचं एक ॲप करायचं आहे. त्यात तीन गोष्टी शोधता आल्या पाहिजेत: जिल्ह्यातल्या तेरा तालुक्यांतल्या गावांची नावं, एसटीचं वेळापत्रक आणि खामगावच्या बाजारातला कापसाचा आजचा भाव. कोणती यादी मोबाईलमध्ये ठेवाल आणि कोणती सर्व्हरवर? पहिलीचं उत्तर सोपं आहे. दुसरीवर वाद घाला, कारण वेळापत्रक रोज बदलत नाही, पण गाडी आज रद्द झाली असेल तर? आणि तिसरीत एक खोच आहे. बाबा कापूस घेऊन निघालेत, घाटात रेंज गेली आणि त्यांनी चौकटीत ‘काप’ एवढंच लिहिलंय. मोबाईलजवळ कालचा भाव आहे. तुमच्या ॲपने तो दाखवायचा, की गप्प बसायचं?